दीपगृहातल्या मास्तरांना दहापैकी चार

३ जून, सोमवार
आजपासून अ‍ॅनिमे बघायचं. ठरलं म्हणजे ठरलं. लेक नोकरीसाठी परगावी गेल्यापासून फोनवर हवापाणी आणि तब्येत, मग दोघंही गप्प. तिला ही जपानी कार्टून्स (चूक! कार्टून म्हणायचं नाही, तिने बजावलंय) जीव की प्राण. म्हणून मी हट्टाने तिच्या मित्रमंडळींच्या ग्रुपात शिरलो. बायको म्हणाली, पोरीला एवढी तरी जागा सोडा. बायकोला दूरदृष्टी नाही. तीही चष्म्याच्या दुकानदाराच्या घरात!

४ जून
लेकीने नियम सांगितले. तीन भाग बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही. गुण दहापैकी. पुढे काय होतं ते फोडायचं नाही. सध्या सगळे एकच मालिका बघतायत: दीपगृह सांभाळणारे म्हातारे मास्तर आणि त्यांच्या हाताखाली शिकणारी मुलगी. दर रविवारी लेकीच्या खोलीवर जमून एक भाग. शेवटचा येत्या रविवारी. तोवर कुणी एकट्याने बघायचा नाही, म्हणे. भाबडी पोरं. मी रविवारच्या आत त्यांना गाठणार.

५ जून, दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना
अ‍ॅपमध्ये मालिका उघडली, सगळ्यात वरचा भाग लावला. सुरुवातच मास्तरांच्या मृत्यूने! मुलगी धाय मोकलून रडतेय. कोण कुणाचं, पत्ता नाही, त्यामुळे मला रडूबिडू आलं नाही. पण धाडस मानलं पाहिजे.

६ जून
खालचा भाग: मास्तर अंथरुणाला खिळलेले. त्याच्या खालचा: मास्तर ठणठणीत, जिन्यावरून खेकसतायत. काळ उलटा वाहतोय! सामान्य प्रेक्षकाच्या हे लक्षात येणार नाही. मास्तर मात्र रटाळ. मुलगी काही सांगायला आली की हे आपले दिव्याची भिंगं पुसत बसतात. असा माणूस कुणाला आवडेल?
संध्याकाळी ग्रुपवर सविस्तर मत टाकलं. मास्तरांच्या मरणापासून मागे जाणारी मांडणी, वगैरे. दहापैकी चार. तेही नियमाप्रमाणे तीन भाग बघून.

७ जून
ग्रुपवर सामसूम. भारावले असावेत.
दुपारी लेकीने लिहिलं, बाबा गंमत करतायत, मास्तरांना काहीही होत नाही. पाठोपाठ हसऱ्या चेहऱ्यांची रांग. चारचौघांत सख्ख्या बापाला खोटं पाडते? भाग पुन्हा लावला, मास्तरांच्या अंत्ययात्रेचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, मी पुराव्यानिशी बोलतो.
आता कोण हसतंय बघू.

८ जून
कुणी हसलं नाही. लेकीचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट. म्हणाली, बाबा, त्या अ‍ॅपमध्ये सगळ्यात नवा भाग वर असतो. तुम्ही शेवट आधी बघितलात.
मी म्हटलं, ही अ‍ॅपवाल्यांची चूक, तक्रार करतो. मग जरा सावरून म्हणालो, तू छान सारवासारव केली होतीस गं, मीच फोटो टाकून घोळ घातला. म्हणाली, सारवासारव नव्हती. मीसुद्धा तो भाग बघितला नव्हता. मला खरंच वाटलं तुम्ही गंमत करताय.
मास्तर वाचावेत असं तिला फार वाटत होतं. एवढं काय आहे त्या म्हाताऱ्यात, असं विचारलं. म्हणाली, तुमच्यासारखेच आहेत ना.
नंतर दुकानात एका बाईंना भलत्याच नंबरचा चष्मा दिला. त्या परत आल्या, बोलल्या, मी ऐकून घेतलं. मेल्याहून मेल्यासारखं झालंय. इथे लिहूनही कमी होत नाही.

९ जून, रविवार
माफी मागायचीच. सकाळपासून वाक्यं जुळवली, आंघोळ करताना घोकली. सरळ म्हणायचं, चुकलो, मला तुझ्याशी बोलायला काहीतरी हवं होतं. सोपं आहे.
संध्याकाळी तिचाच फोन आला. म्हणाली, बघितला शेवटचा भाग. सगळे आले होते. पण कुणालाच रडू आलं नाही. मलाही नाही. सगळं आधीच माहीत होतं ना.
माफीची जागा हीच होती. मला कळत होतं.
मी म्हणालो, बरंच झालं, रडण्याने उगाच डोळ्यांना त्रास.
ती हो म्हणाली आणि फोन ठेवला. बायको समोर बसली होती. उठून आत गेली.