फलकावरचा माझा फोटो उतरव

त्रेंगालेक,
८ ऑक्टोबर २०१८

सुगेंगदादास,

सलाम. तू, वहिनी, मुलं सगळे बरे असाल. मीही बरी आहे. सोयाबीन महागलंय, तरी ते आंबवून केलेल्या आमच्या टेम्पेच्या वड्यांचं गिऱ्हाईक तुटलेलं नाही. गोळी रोज घेते, झोप लागते. झाली ख्यालीखुशाली.

फोनवर तू मध्येच "बरं बरं, ठेवतो" म्हणतोस, म्हणून हे कागदावर लिहिते आहे.

काल बाजारात आपल्या गावचा लवंगवाला भेटला. म्हणाला, "काय रुमिनी, तू तर गावभर लटकलीयेस की!" तू सरपंचकीला उभा आहेस, हे मला त्याच्याकडून कळलं. प्रचाराच्या फलकावर तू हात जोडून उभा, आणि शेजारी मी, जिल्ह्याच्या सभेत कुबड्यांवर उभी राहून बोलतानाची. खाली म्हणे लिहिलंय, "ज्या घराने लेकीला पंख दिले, तेच घर गावाला पंख देईल."

पंख! दादा, तू मला ओंडका दिलास. फणसाचा. तूच तासलास, भोकं तूच पाडलीस, आणि माझे पाय त्यात अडकवताना म्हणालास, "थोडेच दिवस गं, डोकं ताळ्यावर येईपर्यंत." ते थोडे दिवस नऊ वर्षं चालले. परसातल्या खोपटात, शेळ्यांच्या शेजारी. शेळी आजारी पडली की तू गुरांचा डॉक्टर आणायचास. माझ्यासाठी कोणाला आणलंस? एका मांत्रिकाला, तोही उधारीवर.

हाँगकाँगची नोकरी सोडून परतले तेव्हा मला आवाज ऐकू यायचे. मी गोठ्याला आग लावली. लोक घाबरले. हे सगळं खरं आहे, आणि कुठल्याही सभेत मी ते लपवत नाही. पण सरकारी दवाखान्यातल्या एन्दाताईंनी मला सोडवून औषध सुरू केलं आणि काही महिन्यांत आवाज मावळले. एवढंच लागणार होतं रे. पाय मात्र पुन्हा सरळ झाले नाहीत.

आज आमच्या टेम्पेच्या कारखान्यात काम करणाऱ्या निम्म्याअधिक बायका अशाच कुठल्या ना कुठल्या मागच्या खोलीतून आलेल्या आहेत. जिल्ह्याच्या सभेत एक साहेब म्हणाले, "घरच्यांची अडचणही समजून घ्या, बाई." मी म्हटलं, "साहेब, तुमचे दोन्ही पाय या खुर्चीला बांधते. तुम्ही बसा तसेच, मग आपण घरच्यांच्या अडचणीवर बोलू." हशा झाला, मग कोणी हसेना. माणसाला साखळी घालायची नाही, हा ठराव त्या दिवशी झाला. तुझ्या फलकावरचा फोटो त्या दिवसाचा आहे. त्यात तुझा काडीचा वाटा नाही. उतरव तो.

लवंगवाल्याने आणखी एक सांगितलं. कासदीकाकांची लेक यायुक वर्षभर मागच्या खोलीत कोंडलेली आहे. एकोणीस वर्षांची पोर! तुझं परस त्यांच्या कुंपणाला लागून. तिच्या हाका तुला ऐकू येत नाहीत? येतात. पण कासदीकाकांच्या भावकीची मतंही गठ्ठ्याने येतात, नाही का? येत्या सोमवारी मी एन्दाताईंना घेऊन येते आहे. तुझ्या प्रचाराची वेळ बघून नाही, यायुकची बघून.

"आईला भेटायला कधी येतेस?" असं तू दर वेळी विचारतोस, आणि मी दर वेळी सोयाबीनच्या भावावर येते. आत्ताही तेच केलं. तर ऐक. तुला शिव्या देणं सोपं, म्हणून इतकी वर्षं तुलाच देत आले. पण पुढे तू मलेशियाला गेलास, ओंडक्याच्या जागी साखळी आली आणि किल्ली आईच्या कमरेला गेली. ती रोज भात घेऊन यायची. ओल्या फडक्याने माझं अंग पुसायची, वेणी घालायची, गुणगुणायची. किल्ली माझ्या नाकासमोर लोंबायची. एकदा मी अगदी शहाण्यासारखं म्हटलं, "आई, उघड ना." ती म्हणाली, "लोक काय म्हणतील गं?" आणि वेणीचा पुढचा पेड घातला.

कशी भेटू तिला, तूच सांग.

रुमिनी


त्रेंगालेक,
२६ ऑक्टोबर २०१८

सुगेंगदादास,

सलाम. निवडून आलास, अभिनंदन. फलक तू उतरवला नाहीस, वाऱ्याने फाडला म्हणे. वाऱ्याला माझे आभार सांग.

त्या सोमवारबद्दल तू फोनवर म्हणालास, "चारचौघांत माझी शोभा केलीस." कोणी केली, ते नीट आठव. कासदीकाका दारात आडवे उभे होते. "आधी निवडणूक होऊ दे, मग बघू. सुगेंगच म्हणालाय तसं." आणि तू कुंपणाशी सिगारेट ओढत खाली बघत होतास. काकू रडत होत्या, "विहिरीत उडी मारली तर पोरीने?" एन्दाताई परोपरीने समजावत होत्या, "आम्ही रोज येऊ, औषध देऊ, तुम्हाला एकटं टाकणार नाही." काका हलेनात.

तेवढ्यात आई आली. केवढी वाकलीये ती! मला वाटलं, मला बघायला आली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कासदी, दार उघड."

"म्हातारे, तू मध्ये पडू नकोस."

"आयुष्यात कधी मध्ये पडले नाही. त्याचं काय झालं, ते बघ तिकडे." तिने माझ्या पायांकडे बोट केलं. "किल्ली माझ्याकडे होती, कासदी. मी नाही उघडलं. तू उघड."

काका तरीही हलले नाहीत. काकूच त्यांना बाजूला सारून पुढे झाल्या आणि त्यांनी कडी काढली. यायुक डोळ्यांवर हात धरून बाहेर आली आणि पहिलं वाक्य बोलली, "मी आंघोळ करू?" आणि तू, दादा, सिगारेट फेकलीस, केसांवरून हात फिरवलास, तिच्या खांद्यावर हात ठेवलास आणि सोबतच्या माणसाला म्हणालास, "काढ, काढ फोटो!" त्या फोनवर कुबडी मारली, याचा मला जराही पश्चात्ताप नाही.

यायुक जेवते आहे, झोपते आहे. अजून आवाजांशी भांडते. वेळ लागेल. आता तू सरपंच आहेस, तेव्हा पहिल्याच बैठकीत गावाचा नियम कर: कोणालाही कोंडायचं नाही, साखळी नाही, ओंडका नाही. नाही केलास तर मी आमच्या सगळ्या बायकांना घेऊन तुझ्या कचेरीसमोर येऊन बसेन. आम्हाला एका जागी बसायची सवय आहे.

आईशी मी त्या दिवशी न बोलताच निघाले. जे माझ्यासाठी नऊ वर्षांत तिच्या तोंडून निघालं नाही, ते शेजारच्या पोरीसाठी निघालं. मला आनंद व्हायला हवा होता. बसमध्ये बसून मी सीटवर मुठी आपटत होते. एन्दाताईंनी पाठीवर हात ठेवला.

तिला सांग, माझा राग गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही. आणि शुक्रवारच्या बसने तिला माझ्याकडे पाठवून दे. तू सोबत येऊ नकोस.

आईची लेक,
रुमिनी