बाहेरून लागणारे कुलूप

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठावन्न, धंदा कुलपे दुरुस्त करणे व चाव्या बनवणे, अविवाहित, कोणी भरीस घातले म्हणून नव्हे तर माझ्याच मनाने, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र दुकानाच्या काउंटरवर बसून लिहून ठेवते. मला कसलाही आजार नाही. तरी आजच का लिहिते, ते पुढे येईल.

१. हे दुकान व वरच्या माळ्याची खोली ही माझ्या कष्टाची मिळकत असून ती मी माझ्या मैत्रिणीस देते. सगळा बाजार तिला 'बडबडी' म्हणतो, म्हणून येथेही तेच लिहिते. सतरा वर्षे आम्ही दोघी त्या खोलीत राहिलो. मी चाव्या घासायची, ती गिऱ्हाईक सांभाळायची. चावी हरवलेला माणूस रडवेला होऊन यायचा आणि हसत जायचा, तो तिच्या जिभेमुळे. मिळकत तिच्या एकटीच्या नावे व्हावी. तिच्या नवऱ्याचा तीत तसूभरही हक्क नाही. ती हयात नसल्यास दुकान विकून येणारी रक्कम अनाथाश्रमास द्यावी. 'हयात नसल्यास' हे शब्द लिहायला मला फार वेळ लागला.

२. धाकट्या भावास वडिलांचा दाढीचा आरसा देते. बडबडी लग्न करून गेली तेव्हा तो म्हणाला होता की बरे झाले, आता तरी तू माणसांत येशील. त्याने आरशात अधूनमधून बघावे. वहिनी भली बाई आहे, तिला माझ्या दोन्ही शाली.

३. चावी कापायचे मशीन, कानशी व पकडी खालच्या गल्लीतल्या कुलूपवाल्यास द्याव्यात. त्याने माझी निम्मी गिऱ्हाइके पळवली, पण हात चांगला आहे. अवजारे गंजण्यापेक्षा शत्रूकडे गेलेली बरी. यातून कातड्याची लहान पिशवी वगळावी. ती आज माझ्याबरोबर येणार आहे.

४. आता माझा अपराध. बडबडीने एक्केचाळिसाव्या वर्षी एका विधुराशी लग्न केले. तो जमिनीची मोजणी करतो, म्हणून मी त्याला मोजणीदार म्हणते. गावाबाहेर नवी वसाहत झाली आहे, तिथे त्याचा बंगला. सगळी घरे एका साच्यातली, रस्ते रुंद, आणि निम्म्या घरांत अजून माणूस नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा चहा पिऊन होईपर्यंत तो आमच्यात बसून होता. मी तिला विचारले की उत्तर तो द्यायचा. ती कपबशा आवरत राहिली. मला वाटले, संसाराने शिष्ट झाली. परत येताना बसमध्ये मी तिच्यावर चरफडत होते.

पुढच्या वर्षी त्याचा निरोप आला की वरच्या खोलीच्या दाराला कुलूप बसवायचे आहे, बाहेरून लागणारे, आतून खटका नको. कारण सांगितले की ती झोपेत चालते, जिन्यावरून पडेल. सतरा वर्षे मी तिच्या शेजारी झोपले. ती एकदाही झोपेत उठली नाही. दार भरीव लाकडाचे होते, चांगले म्हणून मोजणीदाराने आपल्या जुन्या घरातून आणलेले. मी भोके पाडायला बसले तर बाहेरच्या अंगाला लुकण भरून बुजवलेली चार जुनी भोके होती. त्या दाराला पूर्वीही बाहेरून कुलूप होते. पहिली बायको त्या घरात असताना.

मी हात थांबवला. बडबडी जिन्यात उभी होती. हळूच म्हणाली, "लाव गं तूच. नाहीतर ते दुसऱ्या कुणाला बोलावतील."

मला ते तुटकपणाचे वाटले. राग आला. सोडून गेलीस ना, मग भोग, असे मनात आले, हे मी लपवत नाही. मी कुलूप लावले आणि दोन्ही चाव्या मोजणीदाराच्या हातात दिल्या. एक चावी माझ्याजवळ राहावी, एवढ्यासाठी तिने मला लावायला सांगितले होते. हे मला फार उशिरा उमगले.

५. दर रविवारी तिचा फोन यायचा. गेले पाच रविवार आला नाही. मी केला तर मोजणीदार म्हणाला, "ती बहिणीकडे गेली आहे."

तिला बहीण नाही. म्हणाल तर मीच.

शेजारच्या शिंपीदादांना घेऊन पोलिसांत गेले. साहेबांनी मोजणीदाराला फोन लावला, दोन मिनिटे हसून बोलले, आणि नवरा-बायकोच्या मध्ये पडू नका म्हणून आम्हांला वाटेला लावले. दादांनी त्या वसाहतीतल्या दूधवाल्याकडे चौकशी केली. तो म्हणाला की महिनाभर वरची खिडकी बंद आहे, पण दूध अजून दोन माणसांचेच जाते. त्या दुधावर मी आशा ठेवून आहे.

मी लावलेले कुलूप मला त्या कातडी पिशवीतल्या आकड्यांनी चावीशिवाय उघडता येते. मोजणीदार सकाळी कामावर जातो, म्हणून दहाच्या बसने निघते. दादा बरोबर यायला हटून बसले होते. मी म्हटले, दोघेही गेलो तर मागून येणार कोण?

६. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून शिंपीदादांना नेमते. मी पाचपर्यंत न परतल्यास त्यांनी हा कागद घेऊन पोलिसांसह यावे. मोजणीदार दारात चहा विचारील. तिथे बोलत बसू नये. सरळ वर जावे. जिन्याच्या डाव्या हाताचे दार.

सही: कुलूपवाली
स्थळ: माझे दुकान
दिनांक: चौदा ऑक्टोबर, सकाळचे सव्वानऊ

साक्षीदार: आम्ही दोघांनी एकमेकांसमोर व हिच्यासमोर सह्या केल्या. लिहिणारीचा हात स्थिर होता.
१) शिंपी, शेजारचे दुकान
२) औषधवाल्या बाई, समोरचे दुकान

शिंप्याच्या हस्ताक्षरात, खाली:
सव्वापाच झाले. वसाहतीकडून परतणाऱ्या दुपारच्या दोन्ही बस आल्या, तीत ती नव्हती. आत्ताच मोजणीदाराचा फोन येऊन गेला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला की कुलूपवाली त्याच्याकडे आलीच नाही. निघतो.