यजमानांची बोटं आणि धाकटीची सुई

मी, खाली सही करणारी, तत्त्वज्ञानाची निवृत्त प्राध्यापिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाविना लिहिते आहे. मनात मत्सर आहे. पण तो शुद्धीच्या आड येत नाही, असं वकिलांनी सांगितलं आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलीला.

२. माझी पुस्तकं महाविद्यालयाला. दुसऱ्याचं मन आपल्याला कळतं कसं, हा प्रश्न मी जन्मभर शिकवला. उत्तर त्या पुस्तकांत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

३. तळमजल्यावरचं शिवणकामाचं दुकान, मशीन आणि कात्र्यांसह, माझ्या धाकट्या बहिणीला. हे कलम लिहिताना हात सर्वांत जास्त अडला, म्हणून कारण नोंदवते.

दुकान मुळात यजमानांचं, त्यांच्यामागे माझ्या नावावर आलेलं. धाकटी त्यांच्या शेजारच्या मशीनवर बसायची. दोघं दिवसभर न बोलता काम करत, आणि मला ते न बोलणंच खुपायचं. पुढे पक्षाघाताने यजमानांचा उजवा हात गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांच्यासमोर बसून हाताची कामं करा, त्यांना बघू द्या. मी रोज समोर बसून लिहीत असे. हात ढिम्म. मग धाकटी आली, शर्टाला बटण लावू लागली, आणि यांची निर्जीव बोटं चिमटीसारखी जुळली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मेंदूत मिरर न्यूरॉन नावाच्या पेशी असतात असं मानतात. आपल्या सवयीचं काम दुसरा करताना दिसला की त्या जाग्या होतात. "हाताने हात ओळखला, एवढंच. त्यात मन शोधू नका." मीही वर्गात हेच सांगत आले होते : हालचाल जुळली म्हणजे हेतू कळला असं नव्हे. पटलं. जळणं थांबलं नाही.

शेवटी मीच सुई घेतली. बटण तिरकं बसलं आणि सुई बोटात गेली. यजमान कळवळले आणि त्यांनी स्वतःचंच बोट तोंडात घातलं.

तुला सुई टोचली तेव्हाही ते असंच करत असतील, असं मी धाकटीला टोचून म्हटलं. दोरा तोडत ती म्हणाली, "ताई, मला इतक्या वर्षांत कितीदा टोचली. भावोजींनी कधी मान वर केली नाही."

हा पुरावा नव्हे. विद्यार्थ्याने असं उत्तर लिहिलं असतं तर मी गुण दिले नसते. तरी दुकान तिलाच द्यावं. मात्र पाटीवर यजमानांचं नाव एकट्याचंच राहील. शेजारी तिचं लिहू नये.

हे वाचून, समजून सही केली.

सही : मोठी बहीण
साक्षीदार : डॉक्टरीणबाई, समोरचे चष्मेवाले
स्थळ : राहतं घर
दिनांक : १२ मार्च