आतली बाजू वर

सोलापूर, १२ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा,

लांबूनच पाया पडते. जवळ येऊ नको हे तुम्हीच सांगितलंय. हृदयाची झडप बदलल्यापासून धाप कमी झाली का? आशिषदादा म्हणाला, तुम्ही पुन्हा देवळात पूजेला बसायला लागलात. बार्शीत पहाटे गारठा असेल. छाती झाकत जा.

माझं बरं चाललंय. प्रयोगशाळेत नवा प्रयोग सुरू झालाय. बोकडाच्या मानेतली धमनी ताजी आणायची, उभी चिरून काचेवर पसरायची, आतली बाजू वर. तिला बोटसुद्धा लागता कामा नये, आतला नाजूक थर खरवडतो. मग रंगाने चमकणाऱ्या पांढऱ्या पेशी पंपाने तिच्यावरून सोडायच्या. निरोगी धमनीवरून त्या निघून जातात. सूज आलेल्या धमनीवर आधी गडगडत जातात, मग चिकटतात. प्रवाह थांबला तर सगळ्याच चिकटल्यासारख्या दिसतात, म्हणून धुऊन मगच मोजायच्या. तरी मला खात्री वाटत नाही, मी पुन्हा धुते.

हे दिवाळीतही सांगत होते. तुम्ही विचारलंत, "धमनी आणतेस कुठून?" मी म्हटलं, खाटकाकडून. शाळेत घालण्याआधी तुम्हीच मला घरी शिकवलंत, की अर्धं सांगणं म्हणजे खोटं बोलणं.

तुम्ही माझं ताट अंगणात ठेवायला लावलंत. आई म्हणाली, "अहो, लेक आहे आपली."

"मेलेल्या जनावराला हात लावणारी घरात नको."

मी कुत्र्याशेजारी बसून जेवले. भात संपवला. पानात टाकलेलं तुम्हाला चालत नाही.

काल दादाला फोन केला, आता तरी घरी येऊ का म्हणून. "बाबा नाहीच म्हणतात," तो म्हणाला. "आणि झडपेचं त्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस हं. तुझं ते खरं बोलण्याचं खूळ तिथंच ठेव. अन्नपाणी सोडतील ते."

बाबा, तुमच्या छातीत बसवलेली झडप डुकराची आहे. तुमच्या वयाला धातूची नको, असं डॉक्टरांचं मत पडलं. दादाने सही केली आणि मला गप्प बसवलं. काळजीचं कारण नाही. साफ करून, औषधात मुरवून मगच बसवतात. सध्या पूजेला बसता ते तिच्याच जोरावर.

गोळ्या चुकवू नका. ही झिजली तर दुसरी बसवता येते. तीही जनावराचीच असते.

तुम्ही नाही म्हटलंत तरी तुमचीच,
ज्ञानदा