सहाव्या सत्रातला चौकोन

गुरुवार, दुपारी तीन

चि. भिंगरीस,

मावशीचे आशीर्वाद, तुला हवे असोत वा नसोत. तुझा फोन पाच दिवस बंद लागतो आहे, म्हणजे तू ठणठणीत असणार; आजारी माणूस इतक्या निष्ठेने फोन बंद ठेवत नाही. इथे सगळे ठीक. माझा गुडघा कुरकुरतो आहे. वरच्या बाईंनी आज पुन्हा आपली सतरंजी माझ्या खिडकीवर झटकली, आणि मी त्यांना चार शब्द ऐकवले.

उद्या अकरा वाजता तुझ्या कॉलेजच्या समितीची बैठक आहे. मलाही बोलावले आहे. त्याआधी काही गोष्टी क्रमाने लिहिते. बत्तीस वर्षे परीक्षा विभागात काढली, क्रम सोडून मला लिहिता येत नाही.

पहिल्या वर्षी तू ती जाडजूड पुस्तिका माझ्यापुढे आपटलीस. "मावशी, चाळीस विषय आहेत. कशाच्या आधी काय घ्यायचं यातच माझं डोकं फिरलंय." मी म्हटले, "कॉम्प्युटर इंजिनिअर व्हायचंय आणि साधा तक्ता जमत नाही? आण इकडे." चार दिवस बसून मी आराखडा केला. आठ सत्रांचे आठ रकाने, प्रत्येकात पाच विषय आणि कोणत्याही सत्रात दोनपेक्षा जास्त प्रयोगशाळा नाहीत. इतका देखणा कागद त्या कॉलेजने पाहिला नसेल, हे मी आजही म्हणेन.

त्या कागदाप्रमाणे तू यंदा सहाव्या सत्रात कॉम्प्युटर आर्किटेक्चर घ्यायला गेलीस, तर वर्गच नाही. तो विषय फक्त विषम सत्रात शिकवतात. आता तो सातव्यात, त्यावर अवलंबून असलेला ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय आठव्यात, आणि त्यानंतरच प्रकल्प. म्हणजे चाराची पाच वर्षे. तुझी आई रुग्णालयातल्या रात्रपाळ्या तुझ्या पदवीनंतर सोडणार होती, तीही एक वर्ष पुढे.

यातून सुटायची वाट एकच. चूक सल्लागार शिक्षकाची असेल, तर समिती अट शिथिल करून दोन विषय एकत्र घेऊ देते. म्हणून मी बाळसरांविरुद्ध तक्रार केली. अडीच पाने. तुमच्या त्या सल्लागाराला मिसरूड फुटल्यासारखे वाटत नाही, म्हणून माझ्या लेखी ते बाळसर. आराखड्यावर सही घ्यायला मी केबिनमध्ये गेले तेव्हा खुर्चीतून उठले नाहीत, चहाचा पेला माझ्या कागदाशेजारी ठेवला, आणि मला 'आजी' म्हणाले. मी तेव्हा एकोणसाठची होते. त्यांच्या नोकरीचा करार या महिन्यात संपतो, हे मला तक्रार लिहिताना माहीत होते. तेही लिहून ठेवते.

तू तक्रारीवर सही केली नाहीस. सामान उचललेस आणि दारात चप्पल घालताना विचारलेस, "सर म्हणतात त्यांनी पेन्सिलीनं बाण काढला होता. होता का गं?"

"डबा घेतलास का?" मी म्हटले.

"मावशी, बाण होता का?"

"नव्हता."

तू माझ्याकडे पाहिलेस, आणि गेलीस. दार आपटले असतेस तर बरे झाले असते.

बाण होता.

सहीच्या दिवशी तुझी प्रात्यक्षिक परीक्षा होती, म्हणून कागद घेऊन मी गेले होते. मुदतीचा शेवटचा दिवस. बाळसरांनी खाली पेनाने सही केली, मग आर्किटेक्चरच्या चौकोनापासून पाचव्या रकान्यापर्यंत पेन्सिलीने बाण ओढला आणि वर बारीक अक्षरात लिहिले, 'फक्त विषम सत्रात'. म्हणाले, "आजी, हे तेवढं पेनानं बदलून मगच ऑफिसच्या खिडकीवर द्या. बाकी झकास." मी बाहेर बाकावर बसले. पाचव्यात तो विषय घातला तर तिथे तीन प्रयोगशाळा होत होत्या, आणि माझे सगळे गणित बिघडत होते. मला वाटले, या पोराला काय कळते. आमच्या शाळेतल्या सिस्टर स्वच्छ प्रतीवर पेन्सिलीची रेघ दिसली की हातावर पट्टी मारत. मी पर्समधून खोडरबर काढले, बाण पुसला, भुगा फुंकला आणि कागद खिडकीवर दिला.

मी हे विसरले होते असे म्हणता आले असते. पण विसरले नव्हते. तू वर्ग नाही म्हणून रडत फोन केलास, त्याच क्षणी मला तो बाक आठवला, आणि संध्याकाळी मी तक्रार लिहायला बसले. आधी वाटले, हे तुझ्यासाठी करते आहे. पहिले पान होईपर्यंत तसे खरेच वाटत होते. दुसऱ्या पानावर 'निष्काळजी' हा शब्द मी तीनदा वापरला, तेव्हा तो कोणाबद्दल आहे हे मला कळले होते, तरी मी तो खोडला नाही.

उद्या मी आत जाऊन हे सगळे सांगणार आहे. मी सांगितले, तर तुझी सवलत गेली. न सांगितले तर ती मिळेल. अध्यक्षबाईंनी फोनवर तसे सुचवले आहे. परीक्षा विभागात असते तर असा खोटा अर्ज करणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवले असते.

तुला विचारून हे करत नाही. विचारले तर तू 'सांग' म्हणशील किंवा 'नको' म्हणशील, आणि दोन्ही जन्मभर तुझ्या मानेवर बसतील. माझ्या मानेवर आधीच जागा झाली आहे. तुझ्या आईला आज संध्याकाळी मीच फोन करणार आहे. ती बोलेल ते ऐकून घेईन, मध्ये बोलणार नाही.

हे पत्र आता वसतिगृहाच्या देखरेखबाईंच्या हातात देऊन येते. वर येणार नाही. उद्या बैठकीला तू आलीस, तर माझ्या शेजारी बसू नकोस. बाळसरांच्या शेजारी बस.

तुझे वर्ष जिने घालवले ती,
मावशी