अण्णांच्या होडीचं कंट्रोल सॅम्पल

मंगळवार, ९ सप्टेंबर

दुकान बंद होतंय. अण्णांचा होडीचा गेम ज्या वेबसाइटवरून घेतला, तिचा मेल — ३० तारखेनंतर लॉगिन चालणार नाही. आणि हा गेम उघडला की आधी दुकानाला विचारतो, मगच सुरू होतो. म्हणजे ३० नंतर होडी बंद.

ऐकणाऱ्याला हसू येईल. पण फेब्रुवारीत लकवा मारला तेव्हापासून अण्णांचा डावा हात मांडीवर नुसता पडून होता. फिजिओने स्पंजचा चेंडू दिला, तो उजव्या हाताने भिंतीवर भिरकावला. "मी काय पोर हाय का?" तीस वर्षं कंपनीचा बॉयलर सांभाळलेला बाप माझा! होडीवर मात्र जीव. डावं वल्हं कीबोर्डच्या एका टोकाला, उजवं दुसऱ्या. एकच मारलं की होडी गोल गोल फिरते, अण्णा चिडतात, आणि त्या रागात डावं बोट हलतं. आता दोन बोटं हलतात. आमचं घर सध्या त्या दोन बोटांवर चाललंय.

तरी मी घाबरले नाही. औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, माल तपासण्यात, सहा वर्षं काढलीत. प्रत्येक बॅचचं एक कंट्रोल सॅम्पल सील करून ठेवायचं आणि तक्रार आली तरच उघडायचं — हे अंगातच मुरलंय. गेम घेतला त्याच दिवशी त्याची फाइल पेनड्राइव्हवर टाकून डबीत सील केली होती. लेबल, तारीख, सही, सगळं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

सुट्टी. लॅबमधला इंद्रजीत फोनवर म्हणाला, "एकदा तरी उघडून बघितलंस का?"

"कंट्रोल सॅम्पल कोणी उघडतं का?"

"अगं बाई, ते औषध नाय."

उघडलं. फाइल दोन एमबीची! गेम नाहीच त्यात. दुकानात जाऊन गेम घेऊन येणारा नुसता निरोप्या तो. आणि दुकानालाच कुलूप लागलं तर आणणार कुठून? चार महिने रिकामी बाटली लेबल लावून जपली मी. मोठी क्यूसीवाली!

इंद्रजीतनेच सांगितलं — ऑफलाइन इन्स्टॉलर शोध, त्यात अख्खा गेम असतो, कोणाला विचारत नाही. खरेदीच्या पानावर अगदी तळाला सापडला. नऊ जीबी. डाउनलोडला लावलाय.

रविवार, १४ सप्टेंबर

७१ टक्के झालं आणि लाइट गेली. पुन्हा पहिल्यापासून.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आलं! पण या वेळी तपासल्याशिवाय सील नाही. वायफाय बंद केलं, जुना गेम काढला, पेनड्राइव्हवरून नवा टाकला. होडी निघाली. कोणाला काही विचारलं नाही तिने. मोरीत जाऊन रडून घेतलं. बाहेर आले तर अण्णा, "काय गं वर्षे, डोळ्यात काय गेलं?"

दोन कॉपी केल्या. एक इंद्रजीतकडे कुंभवलीला. दुसरी आमच्या डबीत, पॅकिंगच्या जाड टेपचे चार वेढे, वर सही. आई म्हणते, "लोणच्याच्या बरणीला मी एवढं बांधत नाय."

बुधवार, १ ऑक्टोबर

दुकान बंद. होडी चालू. हुश्श.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

ड्यूटीवरून आले तर टेबलावर डबी उघडी. टेप फाडलेली. डोकंच फिरलं. आई सकाळपासून मावशीकडे पालघरला, घरात अण्णा एकटे. लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावून बसलेले.

"गेम चुकून उडाला माझ्याकडनं. तूच म्हणतेस ना, तक्रार आली की सॅम्पल उघडायचं? उघडलं. आता पुढचं तू कर."

ओरडणार होते. मग टेपकडे बघितलं. चार वेढे. डबी धरायला एक हात लागतो, टेप ओढायला दुसरा.