कानाने पास केलेल्या गाड्या

सोमवार, ४ मार्च. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. कारण एकच. वर्कशॉपमध्ये माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय, आणि वेळ आली की पुरावा हाताशी हवा. तारीखवार लिहायचं, मुद्द्याचं लिहायचं, भावनेच्या भरात वाहवत जायचं नाही.

पार्श्वभूमी, पुढेमागे चौकशी झालीच तर. मी इथला हेड मिस्त्री. एकतीस वर्षं झाली. टँकर असो, टिपर असो, ट्रेलर असो, रिपेअर झालेली गाडी माझ्या कानाखालून गेल्याशिवाय गेटबाहेर पडत नाही. लांब सळईचं एक टोक इंजिनला, दुसरं कानाला, डोळे बंद. मी मान हलवली की गाडी पास. गेल्या महिन्यात मालकांनी इंजिनचा बिघाड दाखवणारा, लॅपटॉपला जोडायचा स्कॅनर आणला आणि इलेक्ट्रिशियनच्या हाती दिला. इलेक्ट्रिशियन म्हणजे माझीच मुलगी. तेव्हापासून सगळे हळू बोलायला लागलेत.

मंगळवार, ५ मार्च
निरीक्षण पहिलं. वेल्डर आणि मालक केबिनच्या दारात बोलत होते. मी सहज जवळ गेलो. ओठ हलताहेत, आवाज नाही. मालकांचे कान कोणीतरी भरतंय.

निरीक्षण दुसरं. मुलगी माझ्याशी बोलायचं असलं की समोर येऊन उभी राहते, तोंड माझ्याकडे, एकेक शब्द सुटा. इतरांशी मात्र गाडीखाली पडल्या पडल्या बोलते. माझ्याशीच एवढी औपचारिकता का? नोंद करून ठेवली.

बुधवार, ६ मार्च. रात्रीचं जेवण न घेता
टिपर सुरू होत नव्हता. चावी फिरवली की लाइट मंद, स्टार्टर जागचा हलत नाही. मी लांबूनच सांगितलं, बॅटऱ्या गेल्या. दोन्ही बदलल्या. तरी तेच. मग मी सांगितलं, नव्या बॅटऱ्यापण खराब आल्या. असं होतं कधीकधी. हल्लीचा माल.

मुलीने गाडीखाली डोकं घातलं, बाहेर आली आणि सगळ्यांसमोर माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, ह्याला अर्थ नाही."

सगळ्यांसमोर. माझ्या बोलण्याला अर्थ नाही. एकतीस वर्षांना अर्थ नाही. जिला मी हातात पाना धरायला शिकवलं तिने हे म्हणावं. डबा न उघडता घरी आलो. हिने विचारलं काय झालं. सांगितलं नाही. माझी बायको असली तरी ती तिची आई आहे.

गुरुवार, ७ मार्च
खुलासा. अर्थ म्हणजे अर्थची वायर. बॅटरीपासून चॅसीला जाणारी पट्टी गंजून सुटली होती. मुलीने बोल्टची जागा घासली, पट्टी आवळली, टिपर एका चावीत सुरू.

माझं म्हणणं असं की तिने सरळ ‘अर्थिंग’ म्हणायला काय हरकत होती? दोन अर्थ निघतील असा शब्द मुद्दाम निवडला. माफी मागणार होतो, ते रद्द. जुन्या बॅटऱ्या परत बसवून दिल्या, एवढं पुरे.

रविवार, १० मार्च
सुट्टी. विश्रांतीचा संकल्प. ही शेजारी जाताना सांगून गेली, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. मी कुकरपासून चार फुटांवर पेपर वाचत बसलो. कुकरने एकही शिट्टी दिली नाही. घरात धूर झाला तेव्हा ही धावत आली. सगळं करपून कोळसा.

कुकरचा व्हॉल्व्ह चोंदलेला असणार. दुपारी उघडून साफ केला, रबर बदललं. चालवून बघितला, तरी शिट्टी नाही. ही म्हणाली, वाजतोय की. ही हल्ली मला बरं वाटावं म्हणून काहीही बोलते.

मंगळवार, १२ मार्च
टँकरचा ड्रायव्हर आला. त्याला सगळे मिशीवाले म्हणतात. माणूस साधा वाटायचा. तक्रार अशी की गाडी उभी असताना मागच्या ब्रेककडून हवा सुटल्याचा फुस्स आवाज येतो. मी दहा मिनिटं मागच्या चाकाशी बसलो. अगदी शांत. पिन पडली असती तरी ऐकू आली असती. त्याला सांगितलं, भास आहे, झोप घ्या. टँकर पास केला.

निघताना तो मुलीशी बोलला. काय बोलला ते कळलं नाही. तोही सामील, हे कळलं.

बुधवार, १३ मार्च. सकाळी ८
टँकर अजून यार्डातच. मागच्या चाकापाशी मग आणि ब्रश सापडला. मगात साबणाचं पाणी.

विचार केला. हवेचं लीक शोधायला साबणाचं पाणी लावतात, बुडबुडे आले की तिथे लीक, हे मला माहीत आहे. मुलीला मीच शिकवलं. पण गाडी मी पास केली होती. म्हणजे लीक नव्हतं. मग साबण कशाला? उघड आहे. कोणीतरी माझ्या ब्रेकमध्ये साबण घालून मला बदनाम करणार.

वास घेऊन बघितला. आमच्याच घरातला भांड्यांचा साबण. म्हणजे हीसुद्धा सामील आहे.

गुरुवार, १४ मार्च
पाळत ठेवली. दुपारी मी कंप्रेसरच्या मागे उभा राहिलो. मुलगी आली, टँकरखाली गेली, मागच्या ब्रेकचा पाइप बदलला. मग मी कालपरवा पास केलेल्या आणखी दोन गाड्या तिने तपासल्या. वहीत काहीतरी लिहिलं. मालकांनी लांबून हात केला, तिने मान हलवली.

मान हलवणं माझं काम आहे.

वाईट वाटलं. चिडलो असतो तर बरं झालं असतं, पण नुसतं वाईट वाटत राहिलं. पोटची पोर माझ्या मागे गाड्या तपासते आणि मालकांना कळवते. माझी जागा तिला हवी होती तर मागायची. मी दिली नसती, पण मागायची.

शनिवार, १६ मार्च
निर्णय. सोमवारी उघड कसोटी. सगळ्यांसमोर, एकीकडे स्कॅनर, एकीकडे माझा कान. मालकांना सांगितलं. ते बराच वेळ काहीतरी बोलले, मी अधूनमधून ‘हो’ म्हटलं. बहुतेक कौतुक करत असावेत. चेहरा मात्र दुःखी होता. हरणाऱ्या बाजूला पैज लावलेल्या माणसाचा होतो तसा.

सोमवार, १८ मार्च. दुपारी ४
कसोटी झाली.

क्रमाने लिहितो. ट्रेलर मधोमध उभा. इंजिन धक्के खात होतं, ही तक्रार. मिशीवाले केबिनमध्ये चावीवर. मी सळई लावली, डोळे बंद केले, हात वर करून इशारा दिला, मार स्टार्टर. वरून ते काहीतरी ओरडले. मी समजलो, सुरू केली.

ऐकलं. नेहमीसारखं सगळं लख्ख ऐकू आलं. मी मोठ्याने सांगितलं, तीन नंबरचा इंजेक्टर, थेंब गाळतोय, बाकी इंजिन ठणठणीत. सगळे गप्प. मला वाटलं, पटलं.

मग कोणीतरी माझा हात धरला. मुलगी होती. तिने माझा तळवा इंजिनवर ठेवला. इंजिन थंडगार. जरासुद्धा थरथर नाही. बॅटरीची केबल तिने सकाळीच काढून ठेवली होती, वायरिंग बघायला. मिशीवाले तेच ओरडून सांगत होते.

कोणी हसलं नाही. वेल्डरपण नाही. हसले असते तर भांडता आलं असतं.

खुलासा असा की मुरलेल्या मिस्त्रीच्या कानात आवाज साठलेले असतात. इंजिन बंद असलं तरी ऐकू येऊ शकतं.

हे लिहून परत वाचलं. लाज वाटली.

मंगळवार, १९ मार्च
कामावर गेलो नाही. संध्याकाळी मुलगी माझ्या खोलीत आली. मी म्हटलं, मालकांनी माझ्या जागेसाठी तुला काय कबूल केलं ते एकदा सांगून टाक. ती म्हणाली, मालक जानेवारीतच तुम्हाला कामावरून काढणार होते. तिनेच त्यांच्याकडून मुदत मागून घेतली होती. मी पास केलेली प्रत्येक गाडी ती स्वतः परत बघणार, आणि कोणीही मला काही सांगायचं नाही, ह्या अटीवर.

जानेवारीपासून चौदा गाड्या.

मी म्हटलं, चौदांमध्ये काय निघालं? ती म्हणाली, "त्या टँकरला उतारावर ब्रेक लागला नसता, बाबा. मिशीवालेकाका सांगत होते, आणि तुम्ही म्हणालात झोप घ्या."

मिशीवाल्यांना मी गेली वीस वर्षं ओळखतो. ती म्हणाली, गुरुवारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. मी म्हटलं, येतो. पण कान माझे उत्तम आहेत, हे एकदा कागदावर येऊन जाऊ दे.

गुरुवार, २१ मार्च. दुपारी १
दवाखाना. मुलगी बरोबर. छोट्या बंद खोलीत बसवलं, खिडकीला काच. कानांवर हेडफोन, हातात एक बटण. पलीकडच्या बाईंनी खुणा करून सांगितलं, आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. सोपं काम. मी आयुष्यभर दुसरं काय केलं?

डोळे मिटले. तयार बसलो. सुरुवातीला लांब कुठेतरी घुमल्यासारखं झालं, दोनदा दाबलं. नंतर काहीच नाही. बाईंचं मशीन अडलं असावं. मागची वायर लूज असणार, आत येतानाच मला शंका आली होती. घाई केली नाही. नव्या माणसाला वेळ द्यावा लागतो. अंगठा बटणावर ठेवून बसून राहिलो.

बराच वेळ गेला. शेवटी डोळे उघडले तर मुलगी शेजारी उभी. मी म्हटलं, बाईंना सांग, करा म्हणावं सुरू, मी केव्हाचा तयार आहे.

तिने माझ्या अंगठ्याखालून बटण हळूच सोडवून घेतलं. तपासणी झाली होती.